वेताळाच्या पहिल्या पावलांचे पुस्तक

‘हर्मिस प्रेस’ या अमेरिकी प्रकाशन संस्थेने २०१० पासून ‘द फँटम’ (आपला ‘वेताळ’) या चित्रमालिकेच्या दैनिक पट्ट्या मूळ क्रमाने ग्रंथरूपात काढायला सुरुवात केली. त्यांतला १९३६ आणि १९३७ या वर्षांचा पहिला खंड मी अलीकडे विकत घेतला आणि दोन आठवडे पुरवून पुरवून वाचला. ‘फँटम’ म्हटल्यावर ज्यांच्या मनात काहीच हलत नाही, पण ‘वेताळ’ म्हटल्यावर कवटीची गुहा, बांडर टोळी आणि गुन्हेगाराच्या जबड्यावर उमटणारी कवटीची खूण डोळ्यांपुढे उभी राहते, अशा वाचकांसाठी हे परीक्षण लिहितो आहे. हे पुस्तक घ्यावे की नाही या प्रश्नाचे उत्तर आपली वेताळाशी ओळख कुठे झाली यावर बरेच अवलंबून आहे.

माझी ओळख झाली ती ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी अंकांतून. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये हे प्रकाशन सुरू केले आणि ते इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली आदी भाषांत निघत असे. पहिल्याच अंकात वेताळाच्या कमरपट्ट्याची गोष्ट होती. पुढे जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी हे इतर चित्रकथांचे नायक आले, १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, आणि १९९० मध्ये सगळेच थांबले. आमच्या गल्लीतल्या भाड्याच्या वाचनालयात हे अंक दोऱ्याने शिवून, वर खाकी पुठ्ठा लावून ठेवलेले असत. गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेले सुरुवातीच्या अंकांचे मुखपृष्ठ त्या पुठ्ठ्याखाली कायमचे झाकले जाई, ही त्या वाचनालयाविषयीची माझी एकमेव तक्रार आहे.

इंद्रजालमधला वेताळ मूळ स्वरूपात आपल्यापर्यंत आलेला नव्हता, हे मला फार उशिरा कळले. मूळ मालिका वर्तमानपत्रात रोज एक पट्टी, म्हणजे तीन-चार चौकटी, अशी छापून येत असे; रविवार वगळता आठवड्याला सहा. इंद्रजालचे संपादक त्या पट्ट्या कापून, काही चौकटी गाळून, काही मोठ्या करून पुस्तकाच्या उभ्या पानात बसवत आणि ठरलेल्या पानांत गोष्ट संपवत. शिवाय नावेही बदलत. मूळ ‘बेंगाली’ या कल्पित प्रदेशाचे आपल्याकडे ‘डेंकाली’ झाले, ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले आणि वेताळाच्या बापाचा खून करणारा ‘रामा’ हा ‘रामालू’ झाला. ही काळजी कशासाठी घेतली गेली असेल हे वेगळे सांगायला नको. भारतातल्या मुलांच्या हाती ज्या पुस्तकात रामा खुनी आहे आणि सिंग समुद्री दरोडेखोर आहेत असे पुस्तक द्यायचे म्हणजे संपादकाला दोनदा विचार करावाच लागला असणार. या खंडात मात्र चाच्यांचा म्होरक्या काबाई सिंग आपल्या मूळ आडनावानिशी भेटतो आणि पहिल्या भेटीत जरा दचकायला होते.

खंडात तीन दीर्घ गोष्टी आहेत. पहिली, सिंग चाच्यांच्या टोळीची, १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली आणि ७ नोव्हेंबरला संपली. आठवड्याला सहा या हिशेबाने एकाच गोष्टीच्या दोनशे अठ्ठावीस पट्ट्या होतात. लेखक ली फॉक यांनी त्याआधी १९३४ मध्ये मँड्रेक सुरू केला होता आणि तो चांगला चालला होता. वेताळाच्या बाबतीत मात्र आपण नेमके काय लिहिणार आहोत हे त्यांनाही पहिले काही आठवडे पुरते ठरवता आले नव्हते, आणि या पुस्तकातली सर्वांत रंजक गोष्ट मला हीच वाटली. सुरुवातीला सगळे शहरात घडते. रात्री मुखवटा घालून वावरणारा एक गूढ पुरुष, डायना पामर ही धीट तरुणी आणि तिच्या मागे असलेला जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, आळशी तरुण. हा जिमीच मुखवट्यामागचा माणूस निघावा असा फॉक यांचा मूळ बेत होता. गोष्ट चालू असतानाच त्यांनी तो बेत सोडला, जंगल आणले, कवटीचे सिंहासन आणले, चारशे वर्षांची वंशपरंपरा आणली, आणि बिचारा जिमी कथानकात कारणाशिवाय उरलेल्या पाहुण्यासारखा राहिला. एकगठ्ठा इंद्रजाल वाचलेल्या माणसाला वेताळ म्हणजे आरंभापासून अंतापर्यंत सुसंगत असे पुराण वाटते. ते रोजच्या छपाईची वेळ गाठता गाठता कसे रचले गेले, याचा पुरावा येथे पानोपानी दिसतो.

वंशपरंपरेची कथा सांगणारा भाग आजही अंगावर येतो. चाच्यांच्या हल्ल्यातून एकटाच वाचून किनाऱ्याला लागलेला तरुण, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरी, लोभ आणि अन्याय यांविरुद्ध घेतलेली शपथ, आणि बापामागून मुलाने तोच पोशाख चढवल्यामुळे लोकांना वाटणारे अमरत्व. आपला नायक हा त्या माळेतला एकविसावा. सुपरमॅनचा जन्म १९३८ चा, म्हणजे अंगाबरोबर बसणारा पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा वेताळाने त्याच्या आधी दोन वर्षे घातला होता. दोघांत पहिला कोण हा वाद इंद्रजालच्या वाचकांनी शाळेच्या डब्याच्या सुट्टीत पूर्वीच जिंकलेला आहे, तरी सनावळीचा आधार हाती असलेला बरा.

दुसरी गोष्ट विमानांतून लूटमार करणाऱ्या स्त्रियांच्या टोळीची आहे. ती १९३६ च्या नोव्हेंबरपासून १९३७ च्या एप्रिलपर्यंत चालली आणि माझ्या मते ती या खंडातली सर्वांत घट्ट विणीची आहे. टोळीची नायिका बॅरोनेस आणि तिची सहकारी साला या दोघी खलनायिका असूनही कर्तबगार, धूर्त आणि विनोदी आहेत. त्यांच्यापुढे वेताळ अनेकदा ऐकून घेणारा माणूस ठरतो. तिसरी, हिऱ्यांच्या शोधाची गोष्ट, वाचून संपवली एवढेच म्हणतो. टोळीवाल्यांचे चित्रण तीत इतके ठोकळेबाज आहे की वाचताना पान लवकर उलटावेसे वाटते.

चित्रे रे मूर यांची आहेत. त्यांनी आधी मँड्रेकचे चित्रकार फिल डेव्हिस यांच्या हाताखाली काम केले होते. आपल्या पिढीला परिचित असलेला वेताळ म्हणजे विल्सन मॅकॉय यांचा साधा, ठसठशीत वेताळ, किंवा १९६१ पासून पुढे सी बॅरी यांनी काढलेला, प्रत्येक स्नायू नीट दिसणारा वेताळ. मूर यांचा वेताळ या दोघांहून वेगळा आहे. तो सडपातळ आहे, थोडा वाकून उभा राहतो आणि बहुतेक वेळा निम्मा सावलीत असतो. कुंचल्याने भरलेल्या काळ्या शाईतून आधी एखादा हात, मग मुखवट्यातल्या पांढऱ्या फटी, असा तो हळूहळू चौकटीत येतो. पुस्तक कृष्णधवल आहे, आणि ते तसेच असायला हवे, कारण दैनिक पट्ट्यांना रंग नव्हताच. जांभळा पोशाख १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पानाबरोबर आला. स्वीडनमध्ये तो निळा होतो आणि इटलीत लाल. छपाईत मूर यांचा काळा रंग खोल उमटला आहे आणि फुग्यांतली अक्षरे चष्म्याने सुखाने वाचता येतात. मी ज्या विक्रेत्याकडून प्रत मागवली त्याने ती पातळ पाकिटात घालून पाठवल्यामुळे एक कोपरा चेपून हाती आला; तेव्हा मागवताना खोक्यात पाठवण्याची अट आधीच घालावी.

सलग वाचण्याचा प्रयत्न मात्र करू नये. दैनिक पट्टीचा एक ठरलेला साचा असतो. पहिल्या चौकटीत कालचे थोडक्यात, मधल्या चौकटीत आजचे पाऊल, शेवटच्या चौकटीत उद्यासाठी टांगलेली तलवार. शंभर पट्ट्या ओळीने वाचल्या की पात्रे एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी पुनःपुन्हा का सांगतात असे वाटून कंटाळा येतो. इंद्रजालच्या कात्रीने हे पुनरावर्तन काढून टाकले होते, हा तिचा एक उपकारच म्हणायचा; पण त्याबरोबर नुसत्या अंधाराच्या, कोणी काही न बोलणाऱ्या चौकटी गेल्या असतील तर नुकसानही मोठे आहे. मी तिसऱ्या दिवसापासून एका बैठकीला एका आठवड्याच्या सहा पट्ट्या वाचू लागलो आणि गोष्टीला तिचा श्वास परत मिळाला.

आता ज्या कारणासाठी हे पुस्तक मला अस्वस्थ करून गेले त्याकडे येतो. मूळ मालिकेत नायकाला ‘चालणारे भूत’ म्हणतात. बंगालीत त्याचा ‘अरण्यदेव’ झाला, हिंदीत ‘वेताल’ आणि मराठीत ‘वेताळ’. माझे आजोळ दक्षिण कोकणातले. तेथे आणि गोव्यात वेताळ हा विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा केवळ कथेतला वेताळ नव्हे, तो गावाचा राखणदार आहे. रात्री तो शिवेवरून फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा वाहतात. गोव्यात लोलयें येथील त्याची दगडी मूर्ती पाहिलेल्या माणसाला हा देव किती दांडगा आहे हे सांगावे लागत नाही. मराठी अनुवादकाने हे नाव योजताना त्याच्या मनात कोकणातला राखणदार होता की नव्हता हे बाजूला ठेवू. माझ्या मनात तो होता. रात्री चालणारा, अन्याय करणाऱ्याला धरणारा, मरण नसलेला वेताळ मला सातव्या वर्षी परका वाटलाच नाही. आजीच्या गोष्टीतला देव आणि वाचनालयातल्या अंकातला जंगलचा रक्षक एकमेकांत मिसळून गेले आणि त्यांचे चांगले जमले.

या खंडात ते नाव नाही. नाव गेल्याबरोबर जे दिसते ते असे की जंगलातल्या लोकांवर पिढ्यान्पिढ्या एक गोरे घराणे धाक ठेवून आहे, आणि तो धाक टिकतो तो लोकांना खरे काय ते कळू न दिल्यामुळे. नायक सज्जन आहे, शपथेला जागणारा आहे, तरीही हे खरे. मालिकेचे जंगल आरंभी आशियातच कुठेतरी होते आणि पुढे फॉक यांनी ते आफ्रिकेत हलवले, याने यात फारसा फरक पडत नाही. लहानपणी त्याच्या गोरेपणाची जाणीव मला कधी झाली नाही, कारण मुखवट्याआधी त्याच्यावर एक काळा, शेंदूर माखलेला देव चढवलेला होता. तो मुखवटा मराठीने दिला होता आणि तो मूळ मुखवट्यापेक्षा अधिक दाट होता.

तेव्हा घ्यावे कोणी? ज्यांना चित्रकथेच्या इतिहासात रस आहे, ज्यांना रे मूर यांचा अंधार मुळातून पाहायचा आहे आणि ज्यांना एखादे पुराण कच्चे असताना कसे दिसते याचे कुतूहल आहे, त्यांनी किंमत खिशाला जड असली तरी जरूर घ्यावे. दोघातिघांनी मिळून घेतले तरी चालेल, कारण एका बैठकीला सहाच पट्ट्या वाचायच्या आहेत. ज्यांना बालपणीचा वेताळ परत हवा आहे त्यांना तो येथे मिळणार नाही. डायनाशी त्याचे लग्न १९७७ मध्ये लागले, ‘जंगलातली जुनी म्हण’ अशी सुरुवात असणाऱ्या त्या भारदस्त ओळींची सवय आपल्याला पुढच्या काळाने लावली, आणि मराठी संवाद तर अर्थातच नाहीत. दुसरा खंड मागवायचा, की त्याच पैशांत रविवारच्या जुन्या बाजारात खाकी पुठ्ठ्यातले पाच-सहा मराठी अंक शोधायचे, हे मी अजून ठरवलेले नाही. गेल्या रविवारी तेथे एक दिसला होता, पण त्याची शेवटची चार पाने गेलेली होती आणि विकणारा ती असल्यासारखा भाव सांगत होता.