ज्यू समर कॅम्पमधला आठवडा: काम भरपूर, चहा बेताचा

अमेरिकेतल्या एका ज्यू समर कॅम्पमध्ये आठवडाभर मदतनीस म्हणून राहिले. ऑटिझम, डाउन सिंड्रोम असलेली मुलं इथे बाकीच्यांबरोबर एकाच केबिनमध्ये राहतात, त्याच तळ्यात पोहतात. ही कल्पना नवी नाही. 'रामाह' या ज्यू कॅम्पांच्या संस्थेने 'तिकवा' हा असा उपक्रम १९७० मध्येच सुरू केला होता.

बारीकसारीक तयारी उत्तम. दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावलेला, गोंगाट सोसत नसेल तर कानांवर घालायला हेडफोन. जेवणानंतर गाणी आणि टेबलं बडवणं सुरू झालं की (आणि ते होतंच!) बाहेर पडायला शांत व्हरांडा. माझ्याकडची मुलगी तोंडाने बोलत नाही, टॅबलेटवरची चित्रं दाबून बोलते. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या (ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) जेवणाआधी 'हल्ला' नावाच्या, वेणीसारख्या विणलेल्या पावावरचा आशीर्वाद तिनेच टॅबलेटवरून म्हटला. सगळ्या हॉलने 'आमेन' म्हटलं आणि पाव फाडायला घेतला. कौतुकाच्या टाळ्या नाहीत, काही नाही. मला हेच सगळ्यात पटलं.

स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू धर्मातल्या खाण्याच्या नियमांप्रमाणे चालणारं: मांस आणि दुधाची भांडी वेगळी, दोन्ही एका जेवणात नाहीत. चिकनच्या जेवणानंतर दुधाचा चहा विसरा.

खटकलं एवढंच, की तळ्याकडची वाट पाऊस पडला की चिखलाची होते आणि व्हीलचेअर रुतते. शिवाय रात्रपाळीला माणसं कमी. मुलाला पाठवणार असाल तर त्याच्या झोपेच्या सवयी फॉर्ममध्ये सविस्तर लिहा.