दंडावरची खरखर: युरिया मलमाचा नऊ महिन्यांचा अनुभव

माझ्या दोन्ही दंडांच्या मागच्या बाजूला आणि मांड्यांवर वयाच्या १२व्या वर्षापासून बारीक, टोकदार पुटकुळ्या आहेत. त्या दुखत नाहीत, फारशा खाजतही नाहीत. परंतु त्यावरून हात फिरवला की किसणीवरून फिरल्यासारखा वाटतो आणि जॉर्जेटच्या साडीचा पदर तिथे अडकून त्याचे धागे निघतात. याला केराटोसिस पिलारिस म्हणतात हे त्वचारोगतज्ज्ञांकडून कळले तेव्हा मी ३७ वर्षांची होते. गेल्या नोव्हेंबरपासून या जुलैपर्यंत मी १० टक्के युरियाचे मलम आणि १२ टक्के लॅक्टिक ॲसिडचे लोशन घरी वापरले, त्याविषयी लिहीत आहे.

आधी हे सांगायला हवे की तोवरची पंचवीस वर्षे मी या पुटकुळ्यांना मळ समजून घासत आले होते. घोसाळ्याची घासणी, दिवाळीचे उटणे, बेसन आणि साखर, एका हिवाळ्यात तर पायाची वजरीसुद्धा मी दंडावर चालवली. डॉक्टरांनी एका पुटकुळीचे टोक सुईने अलगद उचलून दाखवले, तेव्हा आतून मोहरीहूनही लहान असा पांढरा, कडक कण निघाला आणि त्यात एक केस घड्याळाच्या स्प्रिंगसारखा गुंडाळलेला होता. हा कण म्हणजे केराटिन, ज्यापासून आपली नखे आणि केस बनतात तेच. ते केसाच्या मुळाशी गरजेपेक्षा जास्त साचते आणि बुचासारखे बसते. त्यात मळाचा, अस्वच्छतेचा किंवा संसर्गाचा काहीही संबंध नाही. ही प्रवृत्ती बहुधा घराण्यातून येते. माझ्या आईच्या दंडांवरही अशीच खरखर होती आणि तीही आयुष्यभर घासतच राहिली. घासल्याने बूच निघत नाही, भोवतालची कातडी मात्र चिडते आणि आपल्यासारख्या गव्हाळ रंगाच्या त्वचेवर तिचे तपकिरी डाग मागे राहतात. माझ्या दंडांवरचे बरेचसे डाग मी स्वतःच तयार केलेले आहेत, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरी चूक त्याहून गंभीर होती. एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेले मलम मी दोन महिने लावले. लाली पटकन उतरली म्हणून मी खूश होते. पण त्यात तीव्र स्टेरॉइड होते, कातडी पातळ होऊन खाली शिरा दिसू लागल्या आणि मलम थांबवताच सगळे परत आले. कोणतेही मलम घेताना त्याच्या नळीवरचे घटक वाचावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता मुख्य मुद्दा. युरिया हा त्वचेतच नैसर्गिकरीत्या असणारा, पाणी धरून ठेवणारा घटक आहे. कमी प्रमाणात तो ओलावा टिकवतो आणि साधारण १० टक्क्यांपासून पुढे साचलेले केराटिन सैल करू लागतो. मी तो रोज अंघोळीनंतर लावते, आणि सगळा फरक वेळेत आहे: कोमट पाण्याने अंघोळ करून अंग टॉवेलने फक्त टिपावे आणि कातडी अजून ओलसर असतानाच मलम पसरावे. कोरड्या अंगावर तेच मलम मी पहिले दहा दिवस लावत होते, तेव्हा ते नुसते वर बसून राहत असे. लॅक्टिक ॲसिडचे लोशन एक दिवसाआड, रात्री लावते. वॅक्सिंगच्या दिवशी ते लावले आणि अशी आग झाली की हात नळाखाली धरून बसावे लागले. तेव्हापासून वॅक्सिंगनंतर दोन दिवस ते बंद असते. उन्हात बाहेर पडताना दंड उघडे असतील तर सनस्क्रीन लावणे आवश्यक आहे, कारण अशा ॲसिडने त्वचा उन्हाला लवकर भाजते.

तिसऱ्या आठवड्यात टोके बोथट झाली. दहाव्या आठवड्यात, ऐन जानेवारीत, नाशिकच्या कोरड्या थंडीत, म्हणजे जेव्हा माझे हात एरवी सर्वांत वाईट असतात तेव्हा, ब्लाउजची बाही प्रथमच न अडकता चढली. डाग मात्र फार सावकाश फिके होत आहेत, आणि दंडाच्या आतल्या बाजूची लाली तशीच आहे. मार्चमध्ये गावी लग्नाला गेले असताना दोन आठवडे काहीच लावले नाही, तर खरखर निम्मी परत आली. याचा अर्थ मलम पुटकुळ्या बऱ्या करत नाही, लावत राहू तोवरच त्यांना दाबून ठेवते; माझ्या मते खरेदी करण्यापूर्वी हे मनाशी पक्के करावे. उन्हाळ्यात ते चिकट वाटते आणि पावसाळ्यात हवेतच ओलावा असल्याने मला एक दिवसाआड पुरते. दोन्ही दंड आणि मांड्या धरून १०० ग्रॅमची नळी साधारण तीन आठवडे जाते, त्यामुळे खर्च अंगावर येतो.

हे पुरले नाही तर सॅलिसिलिक ॲसिड किंवा रेटिनॉइडचे (अ जीवनसत्त्वाच्या गटातल्या औषधाचे) मलम हा पुढचा पर्याय असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यांपैकी रेटिनॉइड गरोदरपणात चालत नाही. मला अजून गरज पडलेली नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या दंडांवर या हिवाळ्यात तशाच पुटकुळ्या दिसल्या. तिला डॉक्टरांनी सध्या ॲसिड दिलेले नाही, अंघोळीनंतर साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर तेवढे सांगितले आहे. ते ती स्वतःच लावते, आणि आमच्या न्हाणीघरातली घोसाळ्याची घासणी मी काढून टाकली आहे.