१९४४चा म्हणून विकलेला जेरीकॅन

ब्रिटिश लष्करी जेरीकॅन (पेट्रोल न्यायचे पत्र्याचे डबे) जमवण्याचा नाद असलेल्यांनी, विशेषतः इंग्लंडात राहून नव्याने याच्या मागे लागलेल्या आपल्या मंडळींनी, हे वाचावं. इथल्या एका ऑटोजंबलमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, दुसऱ्या महायुद्धातला म्हणून ८५ पौंडांना माझ्या गळ्यात मारलेला डबा युद्ध संपल्यावर नऊ वर्षांनी बनलेला निघाला.

खेळ सगळा सालाचा. उत्तर आफ्रिकेच्या लढाईत ब्रिटिशांकडे पातळ पत्र्याचे, चार गॅलनचे ‘फ्लिम्झी’ डबे होते. त्यातलं पेट्रोल वाटेतच गळायचं. (रिकामा डबा कापायचा, त्यात वाळू भरून पेट्रोल ओतायचं आणि वर चहा उकळायचा, त्या कामाला मात्र झकास!) शेवटी जर्मनांच्या २० लिटरच्या डब्याची हुबेहूब नक्कल केली गेली: पत्र्याचे दोन अर्धे मधोमध वेल्ड केलेले, वर तीन मुठी, खटक्याचं झाकण. ही घडण पुढेही तशीच राहिली. ‘डब्ल्यूडी’ (वॉर डिपार्टमेंट, म्हणजे युद्धखातं) आणि सरकारी मालावरची बाणाची खूण पन्नाशीच्या दशकातल्या डब्यांवरही दिसते. म्हणून पैसे मोजायचे ते पत्र्यात उठवलेल्या सालाचे.

विकणारा बोलायला गोड. आजोबांनी १९४४च्या नॉर्मंडीच्या लढाईतून आणलेला, म्हणे. रंग ताजा कसा? तर गंज धरू नये म्हणून हात मारलाय.

घरी चुंबक फिरवला. सगळीकडे चिकटला, सालाच्या तिसऱ्या आकड्यावर मात्र पकड ढिली. गाडीचा पोचा बुजवायला वापरतात तीच पुट्टी. नखाने खरवडली तर पापुद्रा निघाला. मग मोबाइलला जोडायचा वायरीचा स्वस्त कॅमेरा तोंडातून आत सोडला. पत्रा बाहेर उठवला की आत तेवढाच खड्डा पडतो, आणि तिथे पुट्टी कशी पोहोचणार? आतून उलटं, पण स्पष्ट दिसलं: १९५४. वरून ५ बुजवून ४ घडवला होता.

त्याला फोन केला. म्हणाला, पावती वाच. पावतीवर ‘पेट्रोलचा जुना डबा, हिरवा’ एवढंच. साल नाही, ‘लष्करी’ हा शब्दही नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

हल्ली चुंबक खिशात असतो, आणि साल पावतीवर लिहून द्या म्हणतो. ज्याचा माल खरा आहे तो लगेच लिहितो. परवा एकाने पेन शोधता शोधता डबाच टेबलाखाली सरकवला.