पावसातली स्टेज राइड आणि मेटल ब्रेक पॅड : पाच महिने वापरल्यावर

जूनच्या मध्याला सायकलवरून ताम्हिणी घाट उतरत होतो. धुकं, वरून बारीक पाऊस, रस्त्यावर डोंगरातून वाहून आलेला मुरूम. निम्म्या उतारावर मागच्या चाकातून 'खर्रर्र' असा आवाज यायला लागला. आधी वाटलं खडा अडकलाय. खाली टपरीपाशी थांबून चाक काढलं, तर ब्रेक पॅडवरचा थर पार संपला होता आणि त्यामागचा पत्रा थेट डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, घासत होता. हे पॅड सायकलला लावून फक्त २२ दिवस झाले होते.

ते रेझिन पॅड होते, म्हणजे राळेत बांधलेले मऊ. कोरड्यात याच पॅडवर मी आठ-आठ महिने काढलेत. पण सप्टेंबरअखेर हिमाचलात पाच दिवसांची स्टेज राइड (रोज एक टप्पा, मुक्काम तंबूत) करायची होती, आणि त्या दिवसांत तिथला पाऊस कधी आवरतो, कधी नाही. शिमल्याहून सुटणारी माउंटन बाइकची शर्यत 'एमटीबी हिमालया' २००५ मध्ये सुरू झाली, तिच्यामुळे तिकडच्या वाटा आपल्या मंडळींच्या ऐकून माहितीत आहेत. चढ फुप्फुसं काढतो हे सगळे सांगतात. उतार ब्रेक खातो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्या दिवशी टपरीवरच ठरवलं की उरलेला पावसाळा मेटल पॅडवर, म्हणजे धातूच्या भुकटीच्या कडक पॅडवर, काढून बघायचा.

सायकल हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन), चाकं २९ इंची, ब्रेक शिमानो एसएलएक्स दोन पिस्टनचे (पॅडला ढकलणारे दट्टे), डिस्क आरटी-६६, पुढे १८० आणि मागे १६० मिलिमीटर. जून ते ऑक्टोबर मिळून साधारण १,९०० किलोमीटर झाले. त्यातले ३३० च्या आसपास हिमाचलातले, बाकी सगळे सिंहगड, पानशेत, मुळशी, वरंध आणि भोरच्या मागच्या वाटांवरचे.

पॅड घेण्याआधी एक बघा. डिस्कवर बारीक अक्षरात काय कोरलंय ते वाचा. बऱ्याच स्वस्त डिस्कवर, म्हणजे आरटी-५६ सारख्यांवर, 'रेझिन पॅड ओन्ली' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यांचं पोलाद मऊ असतं. मेटल पॅड ते खरवडून काढतो आणि ब्रेकही नीट लागत नाही. मला एका दुकानात याबद्दल कुणी काही विचारलं नाही, आणि वर दुसऱ्याच आकाराचे पॅड बांधून दिले. घरी येऊन कळलं, परत गेलो तर बदलूनही दिले नाहीत. तेव्हा जुना पॅड खिशात घालूनच दुकानात जा आणि नवा त्याच्यावर ठेवून पडताळा.

लावल्यानंतरचा पहिला दिवस निराशेचा होता. लिव्हर दाबली तरी सायकल थांबेना. नवा पॅड डिस्कवर बसवावा लागतो, आणि मेटलला त्यासाठी रेझिनपेक्षा जास्त मेहनत लागते. सोसायटीच्या आवारात ताशी वीसेक किलोमीटरचा वेग घ्यायचा, चाक लॉक होऊ न देता अगदी चालण्याच्या वेगापर्यंत आणायचं, सोडायचं, पुन्हा वेग घ्यायचा. असं प्रत्येक ब्रेकला वीस-पंचवीस वेळा. साधारण पंधराव्या वेळी पकड आल्याचं बोटाला कळतं. हे कोरड्यातच करायचं. पावसात नवे पॅड लावून थेट घाटात उतरलात तर डिस्कवर पॅडचा थर चढायच्या आधीच पाणी आणि रेती त्याला खाऊन टाकतात.

ओल्यात हे पॅड ओरडतात, आणि चांगलेच. वरंध्यात पुढे चाललेली म्हैस माझ्या ब्रेकनं दचकून बाजूला झाली. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांमध्ये डिस्कवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत पकड अर्धीच असते, म्हणून वळणाच्या बरंच आधी लिव्हर हलकी दाबून डिस्क कोरडी करून घ्यायची सवय लावून घ्यावी लागली. त्यानंतर मात्र पकड टिकते. लांब उतारावर रेझिन तापून गुळगुळीत होतो आणि लिव्हर दाबतच राहावी लागते, तसं इथे एकदाही झालं नाही. मागचा पहिला मेटल जोड ऑगस्टअखेरपर्यंत, जवळपास ९०० किलोमीटर चालला. पुढचा तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. हिमाचलला निघायच्या आठवड्यात दोन्हीकडे नवे घातले, पुण्यातच बसवून घेतले, आणि आणखी एक जोड बॅगेत टाकला.

राइडच्या पहिल्या दिवशी शिमल्याहून मशोबरा, नालदेहरा करत सतलजकाठी तत्तापानीला उतरायचं होतं. नालदेहरापासून जवळपास १,४०० मीटरची उतराई. सकाळपासून पाऊस. देवदारांखालच्या वाटेवर सुया कुजून त्यांचा लगदा झालेला, त्याखाली मुळं, आणि मुळांवर शेवाळ. अशा जागी ब्रेक जोरात लागून उपयोग नसतो, तो थोडा-थोडा लागला पाहिजे. मेटल पॅडबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. ते हळूहळू पकडत नाहीत. ओल्या मुळांवर मागचं चाक दोनदा सुटलं. रेझिनवर तेवढंच बोट दाबलं असतं तर ते बहुधा सुटलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून लिव्हर थोडी आत घेतली आणि एकाच बोटाने दाबायला लागलो, तेव्हा जमलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या तंबूतला कोल्हापूरचा सोबती चाक हातात घेऊन बसलेला. त्याचे रेझिन पॅड दोन दिवसांत पत्र्याला टेकले होते. "आरं, काल सकाळी नवं घातल्यालं की मी!" त्याला ते पटतच नव्हतं. माझा राखीव जोड काढून दिला, पण तो त्याच्या कॅलिपरमध्ये (पॅड धरून ठेवणारा ब्रेकचा भाग) बसेना, आकारच वेगळा. बॅटरीच्या उजेडात त्याची डिस्क फिरवून पाहिली, तर तिच्यावरही 'रेझिन पॅड ओन्ली'. म्हणजे बसला असता तरी चालला नसता. शेवटी चार तंबू फिरल्यावर एका बंगळुरूच्या गड्याकडे योग्य जोड मिळाला. दुसऱ्याकडे मिळेल या भरवशावर जाऊ नका, आपल्या कॅलिपरचे दोन जोड आपल्या बॅगेत हवेत.

यात घात कुठे होतो सांगतो. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये पॅड झिजेल तसा पिस्टन आपोआप पुढे सरकतो. त्यामुळे लिव्हर सकाळी जशी लागत होती तशीच संध्याकाळी लागते. हाताला काहीच कळत नाही, आणि कळतं तेव्हा आवाजच येतो. म्हणून रोज संध्याकाळी पॅड डोळ्यांनी बघायचाच. मी चाक काढायचो, कॅलिपरमधली रेती साध्या पाण्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायचो, पॅड बाहेर घेऊन थर मोजायचो. नव्यावर जेमतेम २ मिलिमीटर थर असतो, आणि ०.५ वर आला की बदलायचा. पिस्टनच्या कडेला चिकटलेला चिखल न पुसता पिस्टन आत ढकलला तर तो चिखल सीलमध्ये जातो, तेव्हा आधी पुसा, मग प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने ढकला. आणि झिजलेले पॅड आत असताना कुणाला ब्रेकमध्ये तेल भरू देऊ नका. नवे जाड पॅड घालताना पिस्टन मागे जायला जागाच उरत नाही. साखळीला तेल देताना डिस्कवर पिशवी गुंडाळायची. एक थेंब उडाला तरी पॅड गेला. हे सगळं वीस मिनिटांचं काम. थकून आल्यावर, जेवणाची घंटा वाजत असताना ते करायला जीवावर येतं, पण मी एकही संध्याकाळ चुकवली नाही.

चौथ्या दिवशी आनीकडून खनागमार्गे जलोडी जोत, म्हणजे जलोडीची खिंड. ३,१२० मीटर. वर पोचलो तेव्हा बोटं इतकी गारठली होती की जॅकेटची चेन लागेना. पलीकडे शोजापर्यंतचे पहिले पाच किलोमीटर ज्यांनी गाडीतून केलेत त्यांना तो उतार माहीत आहे. गाड्याही तो पहिल्या गिअरमध्येच उतरतात. ओला, खड्ड्यांचा, वळणांवर पाण्याचे लोट. खाली जिभीपर्यंत आलो तेव्हा मनगटं दुखत होती, डिस्कवर पाणी पडताच चुर्र वाजून वाफ निघत होती, पण लिव्हर वर सुरुवातीला होती तिथेच होती. त्या एका उतरणीसाठी मी हे पॅड पुन्हा घेईन.

पाच दिवसांनी मोजलं तेव्हा मागचा पॅड १.९ वरून १.१ वर आला होता, पुढचा १.४ वर. याची किंमत डिस्कने मोजली. मागची डिस्क १.८ मिलिमीटरची होती, ती आता १.६२ भरते, आणि तिच्यावरच १.५ ची हद्द कोरलेली आहे. म्हणजे याच वेगाने झिजली तर पुढचा पावसाळाही पुरा निघणार नाही.

बाकी सामानाबद्दल थोडक्यात. २.३ इंची ट्यूबलेस टायर, गाठी मोकळ्या असलेले, पुरेसे होते. जास्त रुंद घेतलं असतं तर मागे चिखल फ्रेमला अडकला असता. पुढे तारांनी बांधायचा छोटा प्लॅस्टिकचा मडगार्ड डोळे वाचवतो, त्याशिवाय जाऊ नका. रेनकोट दुसऱ्या दिवसापासून आतूनही ओलाच असतो, त्याच्यावर फार पैसे घालण्यापेक्षा सायकलिंगच्या तीन शॉर्ट्स घ्या आणि पोचल्या-पोचल्या ओली बदला. तिसऱ्या दिवशी बसता न आल्यामुळे दोघांना सोडून द्यावं लागलं. पाय दोघांचेही ठणठणीत होते.

रोज ऑफिसला सायकलने जाणाऱ्यांनी, किंवा फक्त कोरड्यात फिरणाऱ्यांनी मेटल घेऊ नये. आवाज, थंड असतानाची अर्धी पकड आणि झिजणारी डिस्क, एवढं सगळं उगाच कशाला? पावसात घाट उतरणाऱ्यांनी, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त ओल्यात चालवणाऱ्यांनी मात्र रेझिनच्या भरवशावर राहू नये. मी गेल्या रविवारी दिवाळीच्या सुट्टीत मेटल जोड काढून डब्यात ठेवला आणि रेझिन लावले. डब्यावर मार्करने 'मागचा १.१, पुढचा १.४' लिहून ठेवलंय. मेअखेर आकाश भरायला लागलं की पुन्हा तेच चढवायचे.