फोर्थ डाऊन: ऐनवेळचा अंदाज की आधी ठरवलेला तक्ता?

संख्याशास्त्र शिकत असताना ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात मी मदतनीस होतो. काम एकच: फोर्थ डाऊनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी शेवटच्याला, काय करावं याचा सल्ला हेड कोचच्या कानापर्यंत वेळेत पोचवायचा. हे काम ज्याच्या वाट्याला येतं त्याला सुरुवातीलाच एक बाजू निवडावी लागते. निर्णय ऐनवेळी, वारा, मैदान आणि आपल्या पोरांचा दम बघून घ्यायचा, की आठवडाभरात तक्ता तयार करायचा आणि शनिवारी सामन्यात तोच पाळायचा? पहिल्या पद्धतीत संघ बहुतेक वेळा पंट करतो, म्हणजे लाथ मारून चेंडू समोरच्याकडे लांब देऊन टाकतो; दुसरीत बराच जास्त वेळा खेळतो, म्हणजे उरलेले यार्ड मिळवायला बघतो. म्हणून या वादाला लोक ‘पंट की गो’ म्हणतात. मी दोन्ही पद्धतींच्या साइडलाइनवर उभा राहिलो आहे आणि माझा कल तक्त्याकडे आहे. पण त्याचं कारण टीव्हीवर सांगतात ते नाही.

आधी जुन्या पद्धतीची बाजू, कारण तिला हल्ली फार स्वस्तात निकालात काढतात. पंट हा फुटबॉलमधला सर्वांत महत्त्वाचा प्ले, असं मानणारे कोच जिम ट्रेसल याच ओहायोतले. २००२ साली त्यांच्या ओहायो स्टेट विद्यापीठाने एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, ते बचाव आणि मैदानातल्या जागेच्या जोरावर. अलीकडचं उदाहरण आयोवा विद्यापीठाचं. २०२३ मध्ये त्यांचा हल्ला सामन्यामागे सरासरी १५ च्या आसपास गुण करत होता, तरी त्यांनी १० सामने जिंकले. मेलबर्नहून आलेल्या त्यांच्या पंटरने, टोरी टेलरने, त्या एका हंगामात ४,४७९ यार्ड पंट करून १९३८ पासूनचा विक्रम मोडला. आयोवाचे लोक पंटला टाळ्या वाजवतात आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाही. तसा पंटर आणि तसा बचाव हाताशी असेल तर समोरच्याला स्वतःच्या दहा यार्डांत कोंडणं हाच हल्ला असतो.

शिवाय कॉलेजात पंटला एक फायदा आहे, जो एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये नाही. तिथे चेंडूला लाथ बसेपर्यंत कडेचे दोघे सोडून कुणाला पुढे धावता येत नाही. कॉलेजात स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे दिला गेला, की सगळेच सुटू शकतात. त्यामुळे रिटर्न करणाऱ्याला चेंडू झेलताच चार-पाच जणांचा गराडा पडतो. एनएफएलच्या आकड्यांवर बेतलेला तक्ता जसाच्या तसा कॉलेजला लावला तर पंटची किंमत थोडी कमी धरली जाते, असं माझं मत आहे. उलट फील्ड गोलचं, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून मारून तीन गुण घेण्याचं. कॉलेजच्या हॅश मार्क्स (चेंडू ठेवायच्या मैदानावरच्या खुणा) एकमेकींपासून जास्त लांब आहेत, कोन अवघड होतो आणि छोट्या कॉलेजचा किकर म्हणजे पुष्कळदा संघात मिळेल तो. आमच्याकडे ४० यार्डांपलीकडची किक म्हटलं की साइडलाइनवर कुणी कुणाकडे बघत नसे.

आता तक्त्याची बाजू. याचं मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाकडे जातं. एनएफएलच्या १९९८ ते २००० या हंगामांच्या आकड्यांवरून त्यांनी दाखवलं की प्रशिक्षक गरजेपेक्षा खूप जास्त लाथा मारतात. त्यांचं एक उदाहरण मी अजून सगळ्यांना सांगतो. सामन्याच्या सुरुवातीलाच दोन यार्डांच्या रेषेवर फोर्थ अँड गोल आहे, म्हणजे शेवटचा प्रयत्न आणि समोरच्याची गोलरेषा दोनच यार्डांवर. फील्ड गोलचे तीन गुण जवळपास खिशात. खेळलात तर सातात तीन वेळा टचडाऊन (चेंडू गोलरेषेपलीकडे, नंतरच्या किकसह सात गुण), म्हणजे सरासरीने तेही तीनच. मग फरक कुठे? न जमल्यावर. किक मारल्यावर समोरच्याला किकऑफ मिळतो, म्हणजे बरी जागा मिळते; खेळून फसलात तर तो स्वतःच्या दोन यार्डांवर अडकतो. फसल्यावरही हातात काहीतरी उरतं, हे बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत.

आज मोठ्या कॉलेजांना चॅम्पियनशिप अ‍ॅनालिटिक्ससारख्या कंपन्या दर आठवड्याला त्या-त्या प्रतिस्पर्ध्यानुसार बेतलेलं पुस्तकच देतात. आमच्याकडे प्लॅस्टिकचं आवरण चढवलेला एक कागद होता: उभ्या ओळींत मैदानातली जागा, आडव्या ओळींत हवे असलेले यार्ड आणि प्रत्येक चौकोनाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. पावसात आवरणाच्या कडेने पाणी शिरून पिवळा आणि हिरवा सारखेच दिसू लागत, म्हणून पुढे मी रंगांवर अक्षरंही छापली.

माझा निर्णय ज्या एका गोष्टीने केला, ती आकड्यांत येत नाही. ती आहे थर्ड डाऊन संपल्यानंतरचे पंधरा-वीस सेकंद.

ऐनवेळी ठरवणाऱ्या साइडलाइनवर या सेकंदांत काय होतं ते जवळून बघा. रनिंग बॅक पडतो, पंच चेंडू ठेवतात, फोर्थ अँड टू. प्ले क्लॉक, म्हणजे पुढचा प्ले सुरू करायचं घड्याळ, चाळीस सेकंदांवरून सुरू झालेलाच आहे. स्पेशल टीम्सचे (पंट-किकच्या खेळाडूंचे) कोच ‘पंट, पंट’ ओरडतात आणि आठ-नऊ जण आत धावतात. तेवढ्यात हेड कोचला वाटतं, दोनच तर यार्ड आहेत. तो हात वर करतो. अर्धे परत फिरतात, अर्ध्यांना दिसलेलंच नसतं. ऑफेन्सचा लेफ्ट गार्ड पाण्याची बाटली तोंडाला लावून बसलेला असतो, त्याला हाका. आपण माणसं बदलली म्हणून समोरच्यालाही बदलायची मुभा मिळते; त्यांचं होईपर्यंत अंपायर चेंडूवर उभा राहतो आणि क्लॉक मात्र कुणासाठी थांबत नाही. आठ, सात, सहा. मग दोनच वाटा उरतात. टाइमआउट घ्यायचा, जो शेवटच्या दोन मिनिटांत सोन्याच्या मोलाचा असतो. नाहीतर डिले ऑफ गेमचे, म्हणजे उशिराच्या दंडाचे, पाच यार्ड सोसायचे. दुसरी वाट घेतली की फोर्थ अँड टूचं फोर्थ अँड सेव्हन होतं आणि पंटच करावा लागतो.

हे मी एकदा-दोनदा नाही, हंगामभर पाहिलं. कोच वाईट नव्हते. तीस वर्षांचा अनुभव असलेले, खेळाडूंना जीव लावणारे गृहस्थ होते. पण खेळावं की नाही हा प्रश्न त्या गडबडीत पहिल्यांदा विचारला जायचा, आणि गडबडीत विचारलेल्या प्रश्नाला माणूस ‘नको’ म्हणतो. मला राग पंटचा यायचा नाही, वाया गेलेल्या टाइमआउटचा यायचा. हाफला मिळतात तीनच. त्यातला एक, स्वतःचं मन ठरत नाही म्हणून खर्च करायचा, हे मला कधीच पटलं नाही.

तक्ता आल्यावर बदल झाला तो सेकंड डाऊन संपताच. मी हेडसेटवर फक्त ‘चार’ किंवा ‘तीन’ सांगायचो. ‘चार’ म्हणजे एवढ्या यार्डांच्या आत आलो तर चौथ्यालाही खेळतो आहोत. एवढ्याने थर्ड डाऊनचं रूप पालटतं. थर्ड अँड सेव्हनला एरवी पास टाकावाच लागतो. बचावाला ते माहीत असतं आणि पास टाकणारा क्वार्टरबॅक पाठीवर पडतो. चौथा डाऊन आपलाच आहे हे ठाऊक असेल तर सरळ धाव घ्या, पाच यार्ड मिळवा आणि फोर्थ अँड टूला जा. त्या दोन यार्डांसाठीचा प्ले आधीच ठरलेला, माणसं तीच, बदल नाही, गोंधळ नाही. आर्मीसारखे (लष्करी अकादमीचा संघ) ऑप्शन, म्हणजे मुख्यतः धावण्याचा खेळ, खेळणारे संघ वर्षानुवर्षं असंच खेळतात. थर्ड डाऊनला त्यांच्या चेहऱ्यावर घाई दिसत नाही. तक्त्याने किती गुण वाढवून दिले हे मला मोजून सांगता येणार नाही. आमचे टाइमआउट चौथ्या क्वार्टरपर्यंत शिल्लक राहू लागले, एवढं मात्र नक्की.

आता ज्या सामन्याचं नाव घेऊन या पद्धतीला बोल लावतात, त्याकडे येतो. १४ ऑक्टोबर २०२३, सिअ‍ॅटल, ऑरेगन विरुद्ध वॉशिंग्टन. ऑरेगनचे कोच डॅन लॅनिंग तीनदा फोर्थ डाऊनला खेळले, तिन्ही वेळा फसले आणि सामना ३६–३३ असा गेला. शेवटचा निर्णय सर्वांना आठवतो: ३३–२९ अशी आघाडी, दोन मिनिटांच्या आसपास वेळ, वॉशिंग्टनच्या ४७ यार्डांवर फोर्थ अँड थ्री. जमलं नाही आणि वॉशिंग्टनने लगेच टचडाऊन केला. मला तो निर्णय आजही मान्य आहे. वॉशिंग्टनच्या मायकल पेनिक्ससारख्या क्वार्टरबॅकला चेंडू परत द्यायचाच नाही, तीन यार्ड मिळाले की सामना जवळपास संपला. पंट करून त्याला तीस-चाळीस यार्ड मागे ढकललं असतं, पण दोन मिनिटं दिलीच असती.

मला खटकतो तो आधीचा, पहिल्या हाफच्या शेवटी तीन यार्डांवरून फील्ड गोल सोडल्याचा. रोमरच्या उदाहरणात फसल्यावर समोरचा कोपऱ्यात अडकतो, म्हणून जोखीम परवडते. हाफ संपत आला असेल तर त्याला अडकायला वेळच नाही. फसलात की हाती शून्य. तीन गुण तिथे घ्यायला हवे होते, आणि सामना तीनच गुणांनी गेला. तक्ता वापरणाऱ्याने घड्याळाचा रकाना वेगळा ठेवावा, हे मी यावरूनच सांगतो. लॅनिंग यांनी पराभवाची जबाबदारी उघडपणे स्वतःवर घेतली, पण स्वभाव बदलला नाही. पुढच्या वर्षी ऑरेगन एकही सामना न हरता बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचा विजेता झाला.

पंट म्हणजे सुरक्षित, असं मानणाऱ्यांनी १७ ऑक्टोबर २०१५ चा मिशिगन विरुद्ध मिशिगन स्टेट सामना आठवावा. मिशिगनची आघाडी २३–२१, दहा सेकंद बाकी, एक पंट केला की झालं. पंटरच्या हातून स्नॅप सुटला, मिशिगन स्टेटने चेंडू उचलून टचडाऊन केला, २७–२३. अशी गोष्ट क्वचित घडते हे मान्य. पण जोखीम दोन्हीकडे आहे, आणि पंट फसला तर कोचला कुणी धारेवर धरत नाही. कोच पंटकडे झुकतात त्यात याचाही मोठा हात असावा, असं मला वाटतं.

दुसऱ्या टोकाला कोच केव्हिन केली. आर्कान्सातल्या पुलास्की अ‍ॅकॅडमी या शाळेत पंट जवळजवळ बंद करून त्यांनी राज्य विजेतेपदं मिळवली. २०२१ मध्ये तीच पद्धत घेऊन ते प्रेस्बिटेरियन कॉलेजात गेले. पहिलाच सामना ८४–४३ असा जिंकला, पण हंगाम २–९ वर संपला आणि ते निघून गेले. शाळेत त्यांचा संघ बहुतेकांपेक्षा सरस होता, कॉलेजात नव्हता. ‘कधीच पंट नाही’ हा तक्ता नव्हे, हट्ट आहे, आणि त्याच्या वाटेला मी तरी जाणार नाही.

तेव्हा तुमचा बचाव खरोखर भक्कम असेल, पंटर गुणी असेल आणि तुमची आक्रमक फळी एका यार्डासाठीही धापा टाकत असेल, तर जुनी पद्धत बिनधास्त ठेवा; आयोवाने लाज वाटू दिली नाही, तुम्हीही देऊ नका. पण निर्णय सेकंड डाऊनलाच घ्या, एवढी विनंती. बाकी बहुतेक संघांना मी तक्ताच सुचवेन. सगळा एकदम लावू नका, हेड कोच बिचकतात. समोरच्याच्या ४५ ते ३५ यार्डांच्या पट्ट्यापासून सुरुवात करा. तिथून किकरला लांब पडतं, आणि ३७ वरून मारलेला पंट गोलरेषेमागच्या एंड झोनमध्ये गेला तर चेंडू २० वर येतो, म्हणजे कमाई सतरा यार्डांची. एवढ्यासाठी चेंडू देऊन टाकायचा का, हे हेड कोचना पटवायला फारसा वेळ लागत नाही. स्वतःच्या ३० च्या मागचे हिरवे चौकोन पहिल्या हंगामात पिवळे करून टाकले तरी चालेल. आणि स्पेशल टीम्सच्या कोचना विश्वासात आधी घ्या, कारण ‘चार’ ऐकल्यावर पंटची माणसं साइडलाइनवर थांबवून धरायची आहेत ती त्यांनाच.