म्युरिल : मराठी फॉरवर्डसाठी चांगलं, न्यायनिवाड्यासाठी नाही

गूगलच्या भारतातल्या संशोधकांनी २०२० च्या अखेरीस म्युरिल हे भाषा मॉडेल, म्हणजे ढीगभर मजकूर वाचून भाषेची ढब शिकलेली संगणकप्रणाली, मोफत खुलं केलं. ते इंग्रजी आणि १६ भारतीय भाषांवर शिकलेलं आहे. मराठी त्यात आहे, कोकणी नाही. गोव्यातल्या एखाद्या वृत्तकक्षाला व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड चाळायचे असतील तर सुरुवात यानेच करावी. फक्त ‘खरं की खोटं’ असा निकाल त्याच्याकडे मागू नये.

म्युरिल मजकुराची ढब ओळखतं. घटना घडली की नाही, हे त्याला कळणार कुठून? सावर्डे-कुडचडेचा पोर्तुगीजकालीन पादचारी पूल मे २०१७ मध्ये कोसळला. त्याचा व्हिडिओ पुढच्या कुठल्या पावसाळ्यात ‘आज सकाळी’ म्हणून फिरला, तर वाक्यात भडकपणा काहीच नसेल; खोटी असेल ती फक्त तारीख. असा मजकूर मॉडेल बिनदिक्कत पुढे सोडणार.

मग खरी-खोटी उदाहरणं शिकवलेली मॉडेलं खोट्या बातम्या ‘९९ टक्के अचूक’ ओळखतात, हे दावे येतात कसे? बहुतेकदा गळतीमुळे, म्हणजे उत्तराची खूण मजकुरातच राहिल्यामुळे. आयसॉट या खऱ्या-खोट्या बातम्यांच्या प्रसिद्ध इंग्रजी संचात खऱ्या बातम्या सगळ्या रॉयटर्सच्या आहेत, म्हणून ‘रॉयटर्स’ हा शब्द दिसला की मॉडेल पास! आपल्याकडे तेच काम ‘पणजी : प्रतिनिधी’ करील. शिकवण्याआधी अशा ओळी काढून टाका, आणि चाचणीचा भाग चिठ्ठ्या टाकून वेगळा करू नका. जुन्या तारखांवर शिकवा, नव्या तारखांवर तपासा. आकडा खाली येईल, पण तो खरा असेल.

म्युरिलची फाइल साधारण ९५० एमबीची. त्यातलं निम्म्याहून जास्त वजन १ लाख ९७ हजार टोकनांच्या, म्हणजे शब्द आणि शब्दांच्या तुकड्यांच्या, साठ्याचं आहे. फॉरवर्डवर शिकवताना लांबी १२८ टोकन, बॅच (एका वेळी दाखवायची उदाहरणं) १६, लर्निंग रेट (शिकण्याच्या पावलाचा आकार) ०.००००२ आणि सगळ्या उदाहरणांवरून तीन फेऱ्या एवढ्यावर काम भागतं. १६ जीबीचं साधं जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) पुरतं. लांब बातमीसाठी मर्यादा ५१२ टोकनांची, त्यापुढचं कापलं जातं.

एक खोड मात्र नक्की तपासा. टोकनायझरमध्ये, म्हणजे मजकुराचे टोकन पाडणाऱ्या भागात, ॲक्सेंट (अक्षरांवरच्या खुणा) काढण्याचा पर्याय चालू राहिला, तर देवनागरीच्या काही मात्रा, अनुस्वार आणि हलन्त उडतात : ‘पूल’चा ‘पल’, ‘मंत्री’चा ‘मतरी’. चूक दाखवणारा संदेश येत नाही, नुसते गुण घसरतात.

रोमन लिपीतलं मराठी ते बऱ्यापैकी ओढून नेतं. रोमी कोकणी वेगळी : तिथे ‘श’ एक्सने लिहितात, शब्दांचे तुकडेच विचित्र पडतात. तिच्यासाठी स्वतःची उदाहरणं जमवण्याला पर्याय नाही.

खरा उपयोग दोन पायऱ्यांत आहे. ‘यात तपासण्याजोगा दावा आहे का’ एवढंच म्युरिलने सांगावं. नंतर तो दावा आधी झालेल्या तथ्यतपासण्यांशी जुळवावा. त्यासाठी लॅबसे हे अर्थाने जवळची वाक्यं शोधणारं मॉडेल बरं, कारण या कामासाठी न शिकवलेल्या म्युरिलला वाक्यं एकमेकांना चिकटलेली, सगळीच सारखी वाटतात. लॅबसेही ‘पूल पडला’ आणि ‘पूल पडला नाही’ जवळजवळ ठेवतं. म्हणून पहिले पाच जुळणारे निकाल उपसंपादकासमोर जाऊ द्या, आणि उत्तर पाठवण्याचं बटण त्याच्याच हाती ठेवा.