ऑटोक्लेव्हचा डिजिटल लॉगर: एक पावसाळा वापरल्यानंतर

जून ते नोव्हेंबर, म्हणजे गोव्यातला अख्खा पावसाळा आणि चवथ धरून, हा संच वापरात आहे. बार्देशातलं लहान नर्सिंग होम, एक प्री-व्हॅक्यूम ऑटोक्लेव्ह (आधी हवा ओढून घेऊन मग वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र), त्याला तापमान-दाब नोंदवणारा लॉगर आणि उपकरणांच्या प्रत्येक पॅकला बारकोड.

नुसतं तापमान मोजणारा लॉगर स्वस्त पडतो, पण तो घेऊ नका. निव्वळ वाफ असेल तर 134 अंशांना गेजवर साधारण 2 बार दिसतात, 121 ला साधारण 1. दाब भरलेला आणि तापमान तीन-चार अंश खाली, म्हणजे चेंबरमध्ये हवा अडकली आहे. साध्या गेजचा काटा अशा वेळीही हिरव्या पट्ट्यात ऐटीत उभा असतो. आलेखात दोन्ही रेषा शेजारी आल्या की चोरी पकडली जाते. आधी दाराचं गास्केट तपासा, मग व्हॅक्यूम लीक टेस्ट घ्या, म्हणजे चेंबर निर्वात करून हवा आत गळते का ते पाहा. दाबवाढ मिनिटाला 1.3 मिलिबारच्या आत हवी.

लॉगर आला म्हणून बोवी-डिक टेस्ट (वाफ गठ्ठ्याच्या आतपर्यंत पोचते का ते दाखवणारा चाचणी-पॅक) सोडायची नाही. रोज पहिल्या लोडच्या आधी, बाकी चेंबर रिकामा ठेवून, 134 अंशांवर साडेतीन मिनिटं. लॉगरचा सेन्सर ड्रेनपाशी असतो, कापडाच्या गठ्ठ्याच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

बसवल्या दिवशीच दोन सेटिंग बदला. नोंद मिनिटाला एक असेल तर तीन मिनिटांच्या होल्डिंगमध्ये (ठरलेलं तापमान टिकवून धरण्याच्या वेळात) जेमतेम तीन-चार ठिपके पडतात. ती 5 सेकंदांवर आणा. आणि लॉगरला स्वतःची बॅटरी हवी. पावसात लाईट मधेच जाते, मशीनबरोबर लॉगरही झोपला तर आलेख कोराच. होल्डिंगमध्ये लाईट गेली तर उरलेली मिनिटं पुढे जोडायची नसतात, सायकल पहिल्यापासून.

बारकोडची खरी किंमत बायोलॉजिकल इंडिकेटर (लोडबरोबर ठेवलेली जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी) पॉझिटिव्ह आला, म्हणजे बीजाणू जिवंत राहिले, की कळते. शेवटच्या निगेटिव्ह निकालानंतरचा प्रत्येक पॅक परत मागवायचा असतो. रजिस्टर चाळत बसलं तर त्यात दिवस जातो. इथे लोड नंबर टाकला की कुठला पॅक कपाटात आहे आणि कुठला कोणाच्या केस पेपरवर चढला, ते समोर येतं. अट एकच, ओटीत (ऑपरेशन थिएटरात) पॅक उघडण्याआधी सिस्टरनी तो स्कॅन केलेला हवा. घाईच्या सिझेरियनला नेमकं तेच राहतं. स्कॅनर प्रत्येक केसनंतर पुसायचा. हातोहाती फिरणारी ती वस्तू जंतूही फिरवते.

लेबलात पैसे वाचवू नका. साधं थर्मल लेबल ऑटोक्लेव्हच्या उष्णतेनेच काळं पडतं आणि बारकोड जातो. थर्मल ट्रान्सफर प्रिंटर आणि रेझिन रिबन लागते. लेबल पाऊचच्या प्लास्टिकच्या बाजूला चिकटवा. वाफ कागदातून आत जाते, ती वाट बुजवू नका.

सगळ्यात मोठी उणीव ओल्या पॅकची. आलेख स्वच्छ, सायकल पास, आणि पॅक ओला. असा पॅक निर्जंतुक धरायचा नाही. लोड दाबून भरलं, किंवा गरम पॅक थेट एसीखालच्या थंड स्टीलच्या टेबलावर ठेवले, की हे होतं. पॅक उभे लावा, मधून तळहात सरकेल एवढी फट ठेवा आणि बाहेर काढल्यावर निदान अर्धा तास ट्रॉलीवरच राहू द्या. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅक बाद करताना ‘ओला’ हे कारणच नाही. सध्या ‘फाटला’ म्हणून नोंदवावं लागतं.